साठ हजारांची वेबसाइट घेण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. कांदा-लसूण मसाला, दोन-तीन चटण्या, पापड, कुरडया, सांडगे, शेवया असा चौदा पदार्थांचा त्यांचा घरगुती व्यवसाय आहे. सासूबाईंनी तो सुरू केला. आता दोघी मिळून, गावातल्या चार बायकांना हाताशी घेऊन तो चालवतात. गिऱ्हाईक मुख्यतः पुण्या-मुंबईचं, थोडं बंगळूर-हैदराबादचं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि वहीत उतरवली जाते. एरवी महिन्याला शंभरेक पार्सलं जातात. उन्हाळ्यात आणि दिवाळीआधी ती तिपटीवर जातात आणि तेव्हा घोळ होतो: मेसेज वाचायचे राहतात, पैसे कोणाचे आले ते कळत नाही, एकाचा मसाला दुसऱ्याला जातो.

एका वेबसाइट करणाऱ्याने त्यांना साठ हजार सांगितले आहेत. ‘पहिल्या वर्षी डोमेन-होस्टिंग (म्हणजे साइटचं नाव-पत्ता आणि ती ठेवण्याची जागा) फुकट’ असं तो म्हणतो आणि वीस हजार आगाऊ मागतो. भाचा म्हणतो, शॉपिफाय (मासिक भाड्याने मिळणारं तयार ऑनलाइन दुकान) घ्या, दोन दिवसांत दुकान उभं करून देतो. यजमानांचं मत, ॲमेझॉनवर माल टाकला की डोक्याला ताप नाही. सासूबाईंना यातलं काहीच नको. ‘आपली माणसं फोनवर बोलतात, ती तुटतील,’ असं त्या म्हणतात. ताई विचारतात: “वेबसाइट नसल्यामुळे आम्ही मागे पडतोय असं सारखं वाटतं. यातलं नेमकं काय निवडू? आणि आगाऊ रक्कम देऊ का?”

---

ताई, आगाऊ रक्कम आत्ता देऊ नका. कारणं पुढे सांगते, पण तो माणूस उत्तरासाठी थांबला असेल म्हणून हे आधी लिहिलं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेऊ: ‘वेबसाइट नसल्यामुळे आम्ही मागे पडतोय.’ पत्र पुन्हा वाचलं, तर त्यात वेबसाइट नाही म्हणून परत गेलेलं एकही गिऱ्हाईक मला सापडलं नाही. जी गेली ती मेसेजला उत्तर न मिळाल्यामुळे, चुकीचं पार्सल हातात पडल्यामुळे, कुरिअरचा खर्च ऐकून. नवी माणसं कुठून आली तेही तुम्हीच लिहिलं आहे. पुण्याच्या भीमथडी जत्रेत चव घेतलेल्या बायकांनी आपल्या सोसायटीत सांगितलं आणि तिथून ऑर्डरी सुरू झाल्या. म्हणजे माणसं येण्याची वाट तुमच्याकडे आहे, आणि आलेल्या माणसाची ऑर्डर बिनचूक घेऊन घरपोच करणं अडतंय. वेबसाइट हे दुसरं काम सोपं करू शकते. पहिलं काम ती आपोआप करत नाही. नवी वेबसाइट सुरू झाल्यावर तिच्यावर कोणीतरी माणसं पाठवावी लागतात आणि ती पुन्हा तुमच्या व्हॉट्सॲपवरून, प्रदर्शनांतून, पार्सलमधल्या चिठ्ठीतूनच जातात.

म्हणून पहिलं काम वहीचं. गेल्या उन्हाळ्याच्या आणि गेल्या दिवाळीच्या ऑर्डरी एका शीटमध्ये उतरवा. भाच्याचा उत्साह इथे फार कामाला येईल. नाव, फोन, गाव, काय मागवलं, किती रुपयांचं, कुरिअरला किती गेले आणि माणूस जुनं की नवं, एवढे रकाने पुरेत. दोन-तीन संध्याकाळी लागतील, पण त्यातून जे दिसेल ते कोणताही सल्लागार सांगू शकणार नाही. चौदा पदार्थांपैकी चार-पाचच बहुतेक विक्री करतात असं निघण्याची मला दाट शक्यता वाटते. जुनी माणसं अर्ध्याहून जास्त असतील, तर तुम्हाला अनोळखी लोकांसाठी झगमगीत दुकान लागत नाही. ओळखीच्या लोकांना पटकन पुन्हा मागवता येण्याची सोय लागते.

आता घरात सुचवलेले पर्याय बघू. यजमानांच्या बोलण्यात तथ्य आहे. ॲमेझॉनसारख्या बाजारपेठेवर गिऱ्हाईक आधीपासून असतं, पैसे गोळा करणं आणि पार्सल पोचवणं ते बघतात. वर्षभर एकसारखा निघणारा, पाकीटबंद, भरपूर दिवस टिकणारा माल असेल तर तिथे जरूर जावं. तुमचा मसाला त्यात बसेल. कुरडया आणि सांडगे बसणार नाहीत. ते चैत्र-वैशाखाच्या उन्हात होतात आणि संपले की संपले. अशा मंचावर माल वारंवार ‘उपलब्ध नाही’ दिसू लागला की शोधात तो मागे पडतो. शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचे नियम करणारी केंद्र सरकारची संस्था) ऑनलाइन खाद्यविक्री करणाऱ्यांना सांगितलं आहे की, माल गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असले पाहिजेत. तुमच्या ओल्या चटणीचं हे गणित बसतं का, ते आधी बघा.

मला जास्त खटकतं ते वेगळं आहे. तिथे विकत घेणाऱ्या माणसाचा फोन नंबर तुमच्याकडे येत नाही. ज्या बाईने तुमचा मसाला चार वेळा मागवला तिला ‘यंदाच्या कुरडया तयार झाल्या’ हे तुम्ही कळवू शकत नाही. तुमच्या धंद्याचा प्राणच या निरोपात आहे. त्यामुळे दोन-तीन मसाले तिथे ठेवून बघा, पण सगळं दुकान तिथे हलवू नका.

शॉपिफायचं मासिक भाडं साध्या योजनेला साधारण दीड-दोन हजार रुपये धरा. भाचा ‘दोन दिवसांत’ म्हणतो ते खरं आहे, दुकान खरोखर लवकर उभं राहतं. सुरक्षितता, अद्ययावत करणं, गर्दीच्या दिवशी साइट बंद न पडणं ही डोकेदुखी त्यांची असते. पण खर्चाचा हिशेब फक्त भाड्यावर करू नका. शॉपिफायची स्वतःची पैसे घेण्याची सेवा भारतात नाही. म्हणून इथे दुसऱ्या कंपनीचं पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा, जोडावं लागतं, आणि तसं जोडलं की साध्या योजनेत शॉपिफाय प्रत्येक विक्रीवर आणखी २ टक्के घेतं. गेटवेवाले साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी घेतात. तुमची सरासरी ऑर्डर आठशेची आहे असं धरू. गेटवेला जवळजवळ १९ रुपये गेले, शॉपिफायला १६. महिन्याला शंभर ऑर्डरी असतील तर भाड्याचे प्रत्येकी २० रुपये. म्हणजे आठशेच्या ऑर्डरमागे ५५ रुपये, सात टक्क्यांच्या जवळ. मसाल्यात हे कदाचित निघतील. पापडात तुमचं मार्जिन किती आहे ते तुम्हालाच माहीत.

आज लोक तुमच्या यूपीआयवर थेट पैसे टाकतात, त्याला काही पडत नाही. सरकारने जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, शून्य ठेवला आहे. तरीही गेटवे कंपन्या आपलं सेवाशुल्क वेगळं लावू शकतात, म्हणून ‘यूपीआयवर तुम्ही किती घेता?’ हे सरळ विचारा. गेटवेचा खरा फायदा असा की कोणते पैसे कोणत्या ऑर्डरचे ते आपोआप जुळतं. ऐन हंगामात रोज रात्री तुम्ही बँकेचे मेसेज आणि वही जुळवत बसता, असं लिहिलं आहे. तेव्हा तो वेळ वाचवण्यासाठी ऑर्डरमागे १९ रुपये महाग नाहीत. एरवीच्या महिन्यात ते द्यायची गरजही नाही.

साठ हजारांचा प्रस्ताव बहुधा वर्डप्रेस (साइट बांधण्याचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सचा (त्यावर दुकान चालवणारी जोड) असेल. वाईट पर्याय नाही. वूकॉमर्स २०११ पासून आहे, जगभर चालतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, विक्रीवर ते टक्के घेत नाही. होस्टिंगचे वर्षाला काही हजार, डोमेनचे साधारण हजाराच्या आसपास. बाकी रक्कम जाते ती त्या माणसाच्या श्रमाची, आणि श्रमाचे पैसे मागण्यात काही गैर नाही. प्रश्न पुढचा आहे. वर्डप्रेसची साइट बांधून झाली की संपत नाही. तिचे प्लगइन, म्हणजे जोडलेले छोटे प्रोग्रॅम, नियमितपणे अद्ययावत करावे लागतात, नाहीतर कधीतरी पैसे भरायचं पानच उघडत नाही किंवा कोणी आत घुसतं. हे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात झालं तर फोन कोण उचलणार?

त्याला हे प्रश्न लेखी विचारा. डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर नोंदवणार? होस्टिंगचं खातं कोणाचं? मुख्य ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडे असेल का? एखाद्या पदार्थाची किंमत बदलायची तर आम्ही बदलू शकतो की दर वेळी तुम्हाला फोन करायचा? बॅकअप कुठे आणि किती दिवसांनी? दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे किती? ‘पहिल्या वर्षी फुकट’ या शब्दांमागे बरेचदा डोमेन त्याच्या खात्यात नोंदवलेलं असतं. पुढे पटलं नाही तर तुमचं नाव त्याच्या ताब्यात राहतं, आणि तोवर ते नाव तुमच्या प्रत्येक पाकिटावर छापून झालेलं असतं. या सगळ्यांची उत्तरं तो समाधानकारक देत असेल तर माणूस चांगला आहे, त्याचा नंबर जपून ठेवा. काम आत्ताच द्यायला हवं असं नाही.

मला जे महत्त्वाचं वाटतं ते सांगते. मंच कोणताही घ्या, तो दोन वर्षांनी बदलावा लागेल अशी तयारी ठेवा. भाडी वाढतात, कंपन्या धोरणं बदलतात, काही बंद पडतात. बदलताना तुमच्या हातात तीन गोष्टी असल्या की नुकसान फारसं होत नाही: तुमच्या नावाचं डोमेन, गिऱ्हाइकांची यादी, आणि पदार्थांचे फोटो-वर्णन-किमती. डोमेन आजच घ्या, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतः पैसे भरून. ‘.भारत’ वर देवनागरीत नावं २०१४ पासून मिळतात आणि मनाला ती भावतात. पण तुमचं गिऱ्हाईक फोनवर रोमन अक्षरांत टाइप करतं, म्हणून आधी ‘.इन’ किंवा ‘.कॉम’ घ्या. गिऱ्हाइकांची शीट दर महिन्याला उतरवून ठेवा. कोणताही मंच निवडताना ‘माझ्या ऑर्डरी आणि गिऱ्हाईक यादी सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येते का?’ हे विचारा. नाही म्हटलं तर तिथून उठा.

तर येत्या हंगामापुरतं मी हे सुचवेन. सासूबाईंच्या वैयक्तिक नंबरवरून धंदा चालू आहे, तो थांबवा. नवं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करा. ते फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो, चौदा पदार्थ सहज मावतात. प्रत्येक संभाषणाला लेबल लावता येतं: ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पैसे आले’, ‘पाठवलं’. ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, म्हणजे किंमत आणि पत्ता मागणारा मेसेज दिवसातून चाळीस वेळा टाइप करायला नको. त्याच्या जोडीला एक साधा ऑनलाइन फॉर्म ठेवा, ज्यातली ऑर्डर थेट शीटमध्ये पडेल. डोमेनवर एकच पान करा: आम्ही कोण, पदार्थ, किमती, फॉर्म, फोन नंबर. भाच्याला हे एका सुट्टीत जमेल. पदार्थांची नावं देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत द्या. बंगळूरला वाढलेली मराठी मुलगी ‘कुरडई’ ओळखते, पण शोधताना ती देवनागरीत लिहीत नाही.

सासूबाईंच्या भीतीला मी जुना विचार म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. ‘यंदा मसाला थोडा तिखट झालाय, मुलांसाठी हवा असेल तर ब्याडगी जास्त घालून देते,’ हे वाक्य कोणतीही वेबसाइट बोलत नाही, आणि लोक त्या वाक्यासाठी परत येतात. त्यांना फोनवर राहू द्या. त्यांच्याकडून काढून घ्यायची ती फक्त पैसे जुळवण्याची आणि पत्ते लिहून घेण्याची दगदग. घरातही हे असंच मांडलंत, तर विरोध बराच मावळेल असं वाटतं.

कुरिअरबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण मला वाटतं तुमचे सर्वांत जास्त पैसे तिथेच जात आहेत. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढण्याची प्रचलित रीत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. अर्धा किलो कुरडया मोडू नयेत म्हणून तुम्ही ३० × २५ × १५ च्या खोक्यात घातल्यात, तर ११,२५० भागिले ५००० म्हणजे सव्वादोन किलो. अर्ध्या किलोच्या मालाला सव्वादोन किलोचं भाडं. तेच अर्धा किलो मसाला २० × १५ × ८ च्या खोक्यात गेला तर आकारमानाचं वजन ४८० ग्रॅम येतं, म्हणजे खऱ्या वजनाइतकंच.

आता बघा, वेबसाइटवर कोणी फक्त कुरडया मागवल्या आणि साइटने वजनावरून साठ रुपये शिपिंग लावलं, तर वरचा फरक तुमच्या खिशातून जाणार आणि जितक्या ऑर्डरी जास्त तितका तोटा जास्त. फोनवर हे तुम्ही सांभाळून घेता, ‘ताई, सोबत मसालाही घ्या, एकाच खोक्यात बसेल’ असं म्हणता. दुकान ऑनलाइन नेण्याआधी हे शहाणपण नियमांत उतरवायला हवं. कुरडयांची किमान मागणी एक किलो ठेवा. ‘उन्हाळी पेटी’ नावाने कुरडया, पापड, सांडगे, मसाला यांचा एकच ठरलेला संच करा, ज्याचं खोकं तुम्ही मोजून ठेवलेलं आहे. खोक्यांचे आकार दोन किंवा तीनच ठेवा. साठ हजारांतले दहा-बारा हजार चांगल्या खोक्यांवर आणि पाकिटांवर घातलेत, तर ते वेबसाइटपेक्षा लवकर वसूल होतील.

घरी माल आल्यावर पैसे, ही सोय ठेवू नका. माणूस दार उघडत नाही, पार्सल परत येतं, जाण्या-येण्याचं भाडं तुमच्या डोक्यावर आणि कुरडयांचा चुरा. कोणी अगदीच आग्रह धरला तर शिपिंगपुरते पैसे आधी घ्या.

कागदपत्रांकडे आता वळते, कारण त्यात एक गैरसमज दिसतो. ‘चाळीस लाखांच्या आत आहोत, जीएसटी लागत नाही,’ असं तुम्ही लिहिलं आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना हे ठीक आहे. पण बंगळूर-हैदराबादला करपात्र माल पाठवला की तो आंतरराज्य पुरवठा होतो, आणि त्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. पापड करमुक्त आहे, मसाला नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन मंचांवरून विकण्याची सवलत मिळाली आहे. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून एक नोंद क्रमांक घ्यावा लागतो, आणि विक्री आपल्याच राज्यात ठेवावी लागते. नोंदणी घ्यायची की परराज्यातल्या ऑर्डरी थांबवायच्या, हे सीएकडे एकदा बसून ठरवा. मंच कोणता, यापेक्षा हा निर्णय आधीचा आहे.

एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक तुमच्याकडे आहे, चांगलं केलंत. ऑनलाइन विक्रीसाठी तोच प्रकार पुरतो का, हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या. पाकिटावर जे लिहिता, म्हणजे निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, ते ऑनलाइन विकताना पानावरही दिसावं लागतं. स्वतःची साइट झाली की तक्रारीसाठी एका माणसाचं नाव आणि संपर्क तिथे द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. घाबरण्यासारखं यात काही नाही, फक्त दिवाळीच्या धांदलीत हे काम कोणाचं ते आधी ठरलेलं असू द्या.

पूर्ण दुकान कधी घ्यायचं? हंगामात फॉर्म आणि लेबलं नीट वापरूनही रोज दोन तासांपेक्षा जास्त वेळ ऑर्डरी जुळवण्यात जात असेल, आणि मागवणारे निम्मे लोक तुम्हाला अनोळखी असतील, तर वेळ आली असं समजा. तेव्हा साठ हजार एकदम न घालता एक वर्ष भाड्याचं दुकान चालवा. वर्षाचे वीस-पंचवीस हजार भाड्यात जातील, पण गिऱ्हाईक ऑनलाइन कसं मागवतं ते कळेल. कोणती योजना घ्यायची ते भाच्यासोबत बसून ठरवा आणि खातं तुमच्या ईमेलवर उघडा. तो उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तरी दुकानाच्या किल्ल्या घरात राहिल्या पाहिजेत. वर्षाअखेर टक्क्यांत जाणारी रक्कम टोचू लागली, तर साठ हजारवाल्याला फोन करा. तोवर त्याला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला माहीत असेल.

वही उतरवून झाली आणि आकडे मी धरले त्यापेक्षा वेगळे निघाले, समजा नवी माणसंच जास्त निघाली किंवा निम्मी विक्री परराज्यातली निघाली, तर माझं उत्तर बदलेल. तसं असेल तर आकडे घेऊन पुन्हा लिहा.